पायावर भार

"पाय टेकवू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? मग हे काय करून आणलंत?"

करुणा सिस्टरचा आवाज बायकांच्या अख्ख्या वॉर्डात घुमला. खाटांवरच्या बायका उठून बसल्या. नातेवाइकांनी माना वळवल्या. चंद्रभागाबाईंनी पदर पुढं ओढला आणि पाय लुगड्याखाली घेतला. पण झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. इथून जाताना तळव्याची जखम भरत आली होती. आता ती अंगठ्यापर्यंत काळी पडली होती आणि तिचा वास दारापर्यंत येत होता.

"आम्ही इथं राबायचं आणि तुम्ही घरी जाऊन त्याची वाट लावायची! ऐकायचंच नसेल तर येता कशाला?"

शेजारी उभी असलेली चंद्रभागाबाईंची सून पारुबाई फरशीकडं बघत राहिली.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. त्यांनी पाय पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "साखर तर आटोक्यात आहे. म्हणजे इन्सुलिन नेमानं घेतलंय. मग पायाची ही दशा कशानं झाली?" ते करुणाकडं वळले. "सुट्टी देताना नीट समजावलं होतं ना?"

करुणाला सुट्टी दिली ती दुपार आठवली. खाट रिकामी हवी होती. दुसरी पेशंट स्ट्रेचरवर ताटकळत होती. औषधांची पिशवी चंद्रभागाबाईंच्या हातात देत ती उभ्या उभ्या, एका दमात बोलली होती. इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ घ्या, बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पायावर भार देऊ नका, समजलं ना? समोरून काय उत्तर आलं, ते ऐकायलाही ती थांबली नव्हती.

ती तोंड उघडणार, त्याआधी चंद्रभागाबाईच बोलल्या. "सिस्टरनं समदं बराबर सांगितलं व्हतं, साहेब. मीच आयकलं न्हाई."

डॉक्टर त्यांच्यावरच चिडले. अंगठा काढावा लागेल म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले. करुणा त्यांच्यामागं गेली. सुटले, असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा.

ड्रेसिंग करताना मात्र तिला राहवलं नाही. "चालत होता ना तुम्ही?"

उत्तर पारुबाईनं दिलं. "चालतील न्हाई तं काय करतील? दवा गावात ठिवली व्हती ना."

"गावात कशाला? घरी फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं होतं मी."

"घर कुठलं, बाई? आमी मेंढरंवाले. शिरड शहापूरच्या शिवारात पाल टाकून राहिलो. उनानं पालात बसवत न्हाई. तुमी फ्रिज म्हणल्या, तं कोल्ड्रिंकवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या फ्रिजात बाटली ठिवली. त्याची सून निलम टोचून द्यायची. आमी मेंढरांमागं. सासूबाई काठी टेकत जायच्या. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा."

करुणाच्या हातातला बोळा तसाच राहिला.

तिनं सांगितलेल्या गोष्टी या बाईला एकदम पाळता येणार नव्हत्या. भार टाळला तर इंजेक्शन चुकलं असतं. त्यांनी इंजेक्शन चुकवलं नाही. इथून कुठं जाणार, एवढं जरी करुणानं विचारलं असतं, तरी त्या पायाला चालावं लागलं नसतं. आणि ती काही लांबून आलेली नव्हती. आखाडा बाळापूरला, तिच्या माहेरी, रस्त्याकडेच्या रानात असली पालं ती लहानपणापासून बघत आली होती.

दुपारी ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "यापुढं विचारत जा." बाहेर वॉर्डात कुणाला काही कळलं नाही.

अंगठा गेला. पाय वाचला.

पुन्हा सुट्टीचा दिवस आला तेव्हा करुणा स्टूल ओढून खाटेजवळ बसली. पाल आता कुठं पडणार, ते तिनं विचारलं. कुरुंद्याकडं, पारुबाई म्हणाली, हळद निघून रानं मोकळी झालीत. मग बाटली डबीत घालून, डबी ओल्या वाळूच्या मडक्यात कशी ठेवायची, ते करुणानं दाखवलं. सुई पारुबाईच्या हातात दिली. पहिल्यांदा भरताना पारुबाईच्या हातून औषध सांडलं. दुसऱ्यांदा तिनं नीट भरलं, नीट टोचलं.

"पाल हललं की मावशी कशा येतील?"

"घोडं हाय की. घोड्यावर बसवू."

"मग मावशींना खाली उतरू द्यायचं नाही."

पारुबाई हसली आणि पिशव्या घेऊन बाहेर गेली. करुणा बसूनच राहिली. जे विचारायचं होतं, ते इतके दिवस जिभेवर येऊन परत जात होतं.

"मावशी, त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही सगळं स्वतःवर काहून घेतलं?"

चंद्रभागाबाईंनी आजूबाजूच्या खाटांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"एवढ्या मानसांत बोलणी खाल्ली की लई लाज वाटती, लेकी. मी तवा नुकतीच खाल्ली व्हती."