टाकीत मावतील तेवढे

टाकीत आणखी एक मासा उलटा तरंगत होता. नलिनीनं त्याला हात जोडले. "आपल्या लेकीचं, मुक्ताचं दुखणं ह्यानं अंगावर घेतलं बघा. दुसरा आणा लगेच."

दिगंबरनं जाळीनं मेलेला मासा बाहेर काढला. एवढ्याशा टाकीत चारच मासे ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. नलिनीनं नऊ कोंबले होते. पण ते दाटीनं मरताहेत, हे बायकोला सांगायला त्याची जीभ रेटेना.

संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी मुक्ताचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "आता आपल्या हातात काही नाही."

दिगंबर तिथून थेट दुकानात गेला. "दहा मासे द्या."

"अहो काका, दाटीनं सगळे मरतील!"

"मरायलाच हवेत हो," दिगंबर कसाबसा म्हणाला.