अंधत्वाची सूट

"उजेड दिसतो का?" डॉक्टरबाईंनी टॉर्च डाव्या डोळ्यासमोर धरून विचारलं.

"नाही," देवराव म्हणाले.

ते खोटं होतं. पांढरट धुक्यापलीकडे पिवळा डाग उमटलेला त्यांना स्पष्ट कळला होता. मागे उभ्या असलेल्या जयवंताने, त्यांच्या बायकोने, सुस्कारा सोडला. घरून निघताना तिनेच बजावलं होतं, "दिसते-बिसते म्हणू नका जी. काहीच दिसत नाही म्हणा. नाहीच दिसत नं तुमाले."

तिचंही काही चुकत नव्हतं. देवराव कामठीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. आठ वर्षांपूर्वी एका नेत्रशिबिरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आत पू झाला आणि डोळा गेला. नस सुकली, असं कुणीतरी सांगितलं. पुढे डावाही पांढरा पडू लागला तेव्हा याचीही नस सुकली असं देवरावांनी धरूनच टाकलं. डॉक्टरकडे चला म्हणणाऱ्यावर ते चिडत. एक डोळा कापून घेतला, दुसऱ्याला आता कुणी हात लावायचा नाही.

तीन वर्षांपासून जयवंता पुस्तकं वाचून दाखवायची, ते पाठ करायचे आणि वर्गात उभं राहून शिकवायचे. नागपूरहून कामठीला रोज ऑटोने जावं लागे. फेब्रुवारीच्या पगारातून इन्कम टॅक्स कापला गेला की घरात ओढाताण सुरू व्हायची.

यंदा, पंच्याऐंशी साली, कॉलेजचे अकाउंटंट मुकुंदराव म्हणाले, "सर, विम्याच्या पावत्या तुम्ही दर साली देता. मग डोळ्यांची सूट काहून घेत नाही? दृष्टी कायमची गेली असली तर उत्पन्नातून मोठी रक्कम वजा होते. सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट तेवढं आणा. टॅक्स जवळपास माफच होईल."

देवराव टाळत राहिले. कुणी आपल्याला कागदावर कायमचं आंधळं लिहून द्यावं, यासाठी त्यांचा पाय उचलत नव्हता. शेवटी जयवंता म्हणाली, "लिहिलं म्हणून काय होते? हाये तेच तर लिहून देतीन." मग ते तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात आले.

डॉक्टरबाईंनी टॉर्च बंद केला. "उजवा तर गेलेलाच आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "या डाव्यावर एवढा जाड पडदा आहे की मला आतलं काहीच दिसत नाही. आणि तुम्हाला उजेडही कळत नाही." खुर्ची सरकली. पेनाचं टोपण निघालं. बाहेर रांगेत कुणाचं तरी मूल रडत होतं.

देवराव हात मांडीवर दाबून बसले. रोज सकाळी ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. खिडकी दिसायची नाही, पण ती कुठे आहे ते कळायचं. जयवंता मध्ये आली की तिथे अंधार व्हायचा, ती बाजूला झाली की परत उजेड. पाहायचं म्हणून तेवढंच राहिलं होतं त्यांच्याकडे. आणि त्यालाच आपण आत्ता नाही म्हणालो.

पेन कागदावर टेकल्याचं त्यांना ऐकू आलं.

"थांबा," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मला उजेड दिसतो."

"अहो," जयवंता हळूच म्हणाली.

पेन थांबलं. देवरावांचे कान तापले. कॉपी करणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी वर्गाबाहेर काढलं होतं. आता आपल्याला बाहेर काढतील, असं त्यांना वाटलं.

"मान सरळ ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. "टॉर्च कुठे आहे ते बोटाने दाखवा."

देवरावांनी वर दाखवलं. मग खाली. मग नाकाच्या बाजूला, मग कानाच्या.

"टॉर्चसमोर काच धरली आहे. आता रंग कोणता?"

"लाल."

डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मग खिडकीचा पडदा सरकवला आणि म्हणाल्या, "सर्टिफिकेट मला देता येणार नाही."

जयवंताचा धीर सुटला. "काहून, मॅडम? टॉर्च दिसला म्हणून काय झालं? ताटातला वरणभात दिसत नाही त्यायले. पोरीचं लग्न झालं, जावयाचं तोंड नाही पाह्यलं त्यायनं. आणखी किती आंधळं व्हावं लागते माणसानं?"

"ताई, इथे 'कायमचे अंध' असं लिहायचं आहे. ते खरं नाही. उजेडाची दिशा कळते, रंग कळतो, म्हणजे यांची नस शाबूत आहे. हा मोतीबिंदू आहे, पिकून दगड झालेला. तो काढता येतो. जाड भिंगाचा चष्मा लागेल, पण हे वाचतील. जावईही दिसेल."

देवरावांचा हात उजव्या डोळ्याकडे गेला.

"उजव्यासारखं झालं तर?"

"थोडी भीती असतेच, सर. पण अशी ऑपरेशनं मी रोज करते."

"आणि मी मघाशी थांबवलं नसतं तर?"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "उजेडही कळत नाही म्हणजे नस मेली, असंच आम्ही धरतो. मी सही केली असती. मग तुम्हाला पुन्हा कुणी कशाला तपासलं असतं?"

जयवंता बाजूच्या स्टुलावर बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला. ती रडते आहे की हसते आहे, ते देवरावांना नुसत्या आवाजावरून कळेना.

"भरू जी टॅक्स," ती म्हणाली. "यंदाचा पूरा भरू. पुढच्या सालचा बी भरू."