मिठीत लागू नये असं

हात.

बंदुकांच्या दुकानात ऑर्विलने काउंटरवर फडकं अंथरलं, त्यावर एक छोटं रिकामं पिस्तूल ठेवलं आणि वरचा भाग मागे ओढून दाखव म्हणाला. अर्लीनने ओढला. अर्ध्यावर आला आणि अडला. तिने पुन्हा जोर लावला. डावं मनगट मधेच सुटलं.

"पडली होतीस का?" ऑर्विलने विचारलं.

"बाथरूममध्ये."

हेच ती डॉक्टरलाही म्हणाली होती, त्यामुळे सहज तोंडात आलं. मनगट पिरगाळलं होतं कर्टिसने. तिच्या मुलाने. रविवारी येतोय म्हणून त्याचा पुन्हा फोन आला होता. येऊ नको म्हणून झालं होतं, कुलूप बदलून झालं होतं. मागच्या खेपेला कुलूप टिकलं, दाराची चौकट गेली. शेरीफची माणसं आली तेव्हा कर्टिस तिच्याच सोफ्यावर झोपला होता.

वृद्धाश्रमातली पाळी संपवून ती तशीच इथे आली होती. तिथे माणसं उचलायची, कुशीवर वळवायची, खुर्चीत बसवायची. पाय सुजले होते. कुणीतरी कुठलंतरी एक पिस्तूल उचलून हातात द्यावं आणि घरी जाऊ द्यावं, एवढंच तिला हवं होतं.

ऑर्विलला घाई नव्हती. त्याने पिस्तूल परत काचेखाली सरकवलं आणि रिव्हॉल्व्हर काढलं. पाच गोळ्यांचं. यात ओढायचं काही नाही, नुसता चाप दाबायचा. घोडा आत दडलेला, कपड्यात अडकत नाही. हलकं आहे, म्हणून हाताला झटका जोरात बसेल, तेवढी सवय करून घे. तिने ते धरलं. बरं बसलं. बरं बसलं याचंच तिला कसंतरी वाटलं.

"हे बांध," ती म्हणाली.

पण ठेवणार कुठे, हे ठरल्याशिवाय तो काही बांधून देणार नव्हता. अर्धं गाव इथून घेऊन जातं आणि मोज्यांच्या खणात टाकतं, म्हणाला. मग चोराला सांगायचं, थांब बाबा, मोजे काढते.

पर्स.

नाही, अर्लीन म्हणाली. पर्स तो आल्या आल्या उघडतो.

"तो कोण?"

"चोर म्हण."

कंबर.

गणवेशाच्या पँटला इलॅस्टिक. वजनाने ती एका बाजूला घसरली. ऑर्विलने रॅकवरून पट्टा काढून दिला, आत चामड्याची खोळ अडकवली. आता दिवसभर जे करतेस ते करून दाखव, म्हणाला. ती वाकली, हवेतल्या एका म्हाताऱ्याला काखेत धरून बसवलं, त्याची उशी सारखी केली. वरचा सदरा कुठे फुगला नाही.

ऑर्विल खूश झाला. मग त्याने बायकोला हाक मारली. दुकानाच्या दुसऱ्या बाजूला मासेमारीचं सामान होतं, ती बाजू इमोजीनची.

"हात पूस आणि इकडे ये. हिला मिठी मार."

डोळ्यांना कळत नाही, तो अर्लीनला सांगू लागला, कळतं ते मिठीत. चर्चच्या दारात, वाढदिवसाला. मिठी मारणाऱ्या माणसाला लागलं की लपवलेलं संपलं.

"इतक्या वर्षांत मला नाही कधी अशी मिठी मारलीस," तो इमोजीनला म्हणाला.

"आधी गिऱ्हाईक हो. मग बघू."

इमोजीनच्या अंगाला तळ्यातल्या पाण्याचा वास होता. तिने मिठी मारली आणि लगेच मागे झाली. टोचतंय म्हणाली. ऑर्विलने खोळ पाठीकडे सरकवली. पुन्हा मिठी मारली तर तिथे इमोजीनचा तळवाच पडला.

काख.

तेच.

ऑर्विल आणखी एक पट्टा शोधायला वळला. अर्लीन स्टुलावर बसली होती. थकवा गुडघ्यांतून वर चढत होता.

"तो अशी मिठी नाही मारत," ती म्हणाली. "खालून हात घालतो. उचलतो मला. लहान होता तेव्हा मी त्याला उचलायची ना, तसं."

पलीकडे आमिषाच्या माशांच्या टाकीत हवेचा पंप बुडबुडत होता. ऑर्विलने स्वच्छ असलेलं रिव्हॉल्व्हर पुन्हा पुसायला घेतलं.

इमोजीनने हळूच विचारलं, "कर्टिस किती उंच झालाय गं आता?"

"दारातून वाकून येतो."

घोटा.

ऑर्विल कण्हत गुडघ्यावर बसला. तिच्या सुजलेल्या घोट्याभोवती पट्टा गुंडाळला, जरा सैल केला, रिव्हॉल्व्हर आत सरकवलं आणि पँट खाली ओढली. काही दिसेना.

इमोजीन किंचित वाकली, अर्लीनच्या कंबरेखाली हात घातले आणि तिला उचललं. माशांच्या पाण्याच्या बादल्या वाहणारी बाई. अर्लीनचे बूट फरशीवरून सुटले. शेवटचं कोणी उचललं होतं ते तिला आठवायचं नव्हतं.

"काही कळत नाही," इमोजीन तिच्या खांद्यात म्हणाली.

ऑर्विल अजून खालीच होता, ते दोन लोंबते पाय बघत.

"पण अर्लीन," तो म्हणाला, "अशी वर असलीस तर तुझा हात पायापर्यंत पोचायचा नाही."

"तेव्हा ते नकोच असतं. तेव्हा तो चांगला असतो." ती म्हणाली. "लागेल ते मला खाली ठेवल्यावर."

इमोजीनचे हात भरून आले होते. तरी तिने तिला खाली ठेवलं नाही.