मुखवट्याला हात

गौरीचा पितळी मुखवटा पाटावरून उचलायला ती वाकली आणि तिला ती जुनी, ओळखीची ओल जाणवली. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि नेमकं आज हे! मुखवट्याला हात न लावता ती मागे सरकली.

डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या देतानाच सांगितलं होतं. अंगाची लाहीलाही थांबेल, हाडं ठिसूळ व्हायची नाहीत, महिन्याला थोडं रक्त मात्र जाईल. पण ती खरी पाळी नव्हे. मग विटाळ धरायचा की नाही? हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं की गुरुजींना?

शेवटी तिने सासूबाईंनाच सगळं सांगितलं. इतकी वर्षं दर महिन्याला तिला चार दिवस बाजूला बसवणाऱ्या सासूबाई, आता पाठीला बाक येऊन काठी टेकत चालणाऱ्या.

"या गोळ्यांनी हाडं टिकतात?"

"हो."

त्यांनी काठी भिंतीला लावली, मुखवटा कसाबसा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"म्हणजे... चालेल?" तिला काहीच उमगेना.

"मला काय ठाऊक? मी तरी कधी कुणाला विचारलं?" सासूबाईंनी मुखवटा आणखी पुढे केला. "धर लवकर, माझ्या हातून पडेल."