लिंबू-पुदिन्याचा बर्फ

कौसल्याने फ्रिजचं वरचं दार बोटभर उघडलं आणि बर्फाच्या ट्रेमधल्या एका खड्याला नख लावलं. वर सायीसारखा पापुद्रा धरला होता. आत पाणी हललं, पाण्यातलं पुदिन्याचं पान हललं. तिने दार झटकन लावलं. लाइट सकाळीच गेली होती आणि ऊन आता पत्र्यावरून उतरून घरात येऊन बसलं होतं.

"झाला का?" ओसरीवरच्या खाटेवरून अप्पारावांनी विचारलं.

"व्हऊन राह्यला."

"सकाळपून व्हऊनच राह्यला. बर्फाच्या आधी मीच थंड व्हतो बघ."

एरवी तिने नवऱ्याला चांगलं झापलं असतं. आज तिने फ्रिजचं दार तळव्याने घट्ट दाबून धरलं.

हे बर्फाचं खूळ नातीच्या मोबाइलमधलं. गवती चहा उकळून गार केलेलं पाणी, त्यात लिंबाचा रस, थोडी किसलेली साल, पुदिन्याचं एकेक पान, आणि ट्रे वरच्या कप्प्यात ठेवून द्यायचा. व्हिडिओतली बाई ते खडे उंच काचेच्या पेल्यात टाकून वरून सरबत ओतत होती. कौसल्याच्या घरी वरून ओतायला काही नव्हतं. खडा हेच सरबत. अप्पारावांच्या किडन्या गेल्यापासून त्यांना पाणी मापात होतं, आणि त्याच मापात गोळ्याही गिळायच्या. पेल्यातलं पाणी दोन घोटांत संपतं. तेच गोठवलं की तोंडात रेंगाळतं, आणि लिंबाने कोरड्या जिभेला लाळ सुटते. डॉक्टर लिंबाला हो म्हणाले होते, मोसंबीला नाही. घरामागे मोसंबीची बाग उभी होती.

मागे एकदा त्यांनी बैलांच्या हौदावर जाऊन ओंजळीने पोटभर पाणी प्यायलं होतं. मग बदनापूरपासून जालन्यापर्यंत शेजाऱ्याच्या जीपमध्ये कौसल्या त्यांना मिठी मारून बसवून घेऊन गेली. आडवं केलं की श्वास अडकायचा. छातीत पाणी भरलंय, दवाखान्यात सांगितलं. कोरड्या ठणठणीत जीपमध्ये तिच्या मांडीला मांडी लावून माणूस बुडत होता.

तेव्हापासून घरातलं पाणी लपलं. माठ गोठ्यात गेला. ज्याला तहान लागेल तो तिकडे जाऊन, दारू प्यावी तसा, पाठ फिरवून पिऊन येई.

"दे कसा बी असंल तसा," अप्पाराव म्हणाले.

तिने एक खडा चमच्याने उचलून त्यांच्या जिभेवर ठेवला. तोंड मिटायच्या आत तो विरघळला. मागे राहिलेलं पान ते कितीतरी वेळ चावत राहिले.

"मोसंबीला ठिबक केलं तवा तूच म्हणाली व्हतीस, थेंबावर कसं जगंल झाड? आता मलाच ठिबकवर ठिवलंस."

"उद्या डायलिसिसच्या मशीनवर गेलं की बरं वाटंल."

"उद्या," त्यांनी लांबच्या गावाचं नाव घ्यावं तसं म्हटलं.

तेवढ्यात फाटकातून वच्छलाबाई आत आल्या. अप्पारावांची थोरली बहीण. शहागडहून दोन एसट्या बदलून, पदर डोक्यावर ओढून आलेल्या. खाटेच्या कडेला टेकल्या, भावाच्या सुजल्या पायावरून हात फिरवला, आणि वाट बघून बघून म्हणाल्या, "काहून गं, पाणी इचारायची रीत मोडली का तुमच्यात?"

"गोठ्यात चला आक्का, तिथं देते."

"गोठ्यात? म्या काय म्हैस हाये?"

"आक्के," अप्पाराव म्हणाले, "मला बी आण."

तो आवाज साठीच्या माणसाचा नव्हता. वच्छलाबाई उठल्या, गोठ्यात गेल्या आणि स्वतः थेंबही न पिता माठातला तांब्या भरून परत आल्या. कौसल्या ओसरीच्या पायरीवर आडवी उभी होती. तिने नणंदेचं मनगट धरलं. पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. अप्पारावांची नजर त्या ओल्या डागावर गेली आणि तो सुकेपर्यंत तिथेच राहिली.

"सोड. व्हट बघ त्याचे, पार भेगा पडल्या."

"उद्यापस्तोर थांबा, आक्का. पाया पडते."

"तांब्याभर पाण्यानं माणूस मरतं व्हय?"

"मरतं."

वच्छलाबाई हळूच, भावाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "मंग असा जिता ठिवून काय करून राह्यलीस गं त्याला?"

कौसल्याची पकड सुटली. तिने सोडली नाही, सुटली. पिऊ दे, तिला वाटलं. एकदाचं पोटभर पिऊ दे, मंग व्हईल ते व्हईल. आपल्याच मनात आलेल्या गोष्टीची तिला भीती वाटली. पण पुन्हा हात पुढे करणं तिला जमेना. तिने भिंतीकडे तोंड केलं.

अप्पारावांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. बाहेरून तो गार घामेजला होता. त्यांनी तो गालाला लावला, आत डोकावून पाहिलं. कौसल्या पहिल्या घोटाच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"आक्के, तू पी."

"अरं, तुझ्यासाठी आणलं मी—"

"उन्हाची आलीस. पी. वरून न्हाई, तोंड लावून, गटागटा. अन्‌ अशी समोर बस, मला दिसलं पायजे."

वच्छलाबाईंनी भावजयीकडे पाहिलं. कौसल्या वळली होती. वच्छलाबाईंनी तांब्या तोंडाला लावला. त्या रडत होत्या आणि पीत होत्या. मध्येच थांबल्या.

"अजून," अप्पाराव म्हणाले.

ते खाटेवरून पुढे झुकले होते. बहिणीच्या प्रत्येक घोटासरशी त्यांच्या गळ्याची घाटी वर जात होती, खाली येत होती.