साठ ग्रॅम मीठ

“चार किलो नऊशे नव्वद!” भर दुपारी प्रणाली ओरडली. ओटीवरच्या वाशाला काटा टांगलेला होता आणि काट्याच्या हुकाला तिची बॅग. मर्यादा पाच किलोची. दहा ग्रॅम हातात राखून तिने गड सर केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवस बंदरावरून चालायला सुरुवात करायची होती, ती थेट रेडीपर्यंत. कोकणचा अख्खा किनारा, पायी. दहा जणांच्या तुकडीत गावाकडची ती एकटीच, बाकी सगळी मुंबईची. तुकडीची प्रमुख हेतल नियमाला कडक. पाणी सोडून पाठीवर जे काही असेल ते पाच किलोच्या आत हवं. बंदरावर एकदाच मोजायचं आणि तिथे बॅग उघडून काही काढायचं नाही. ज्याचं वजन वर गेलं, त्याने तिथूनच घर गाठायचं. गेल्या वर्षी जड बॅगेपायी एकाचा गुडघा गेला आणि सगळी तुकडी चार दिवस अडकून पडली, तेव्हापासूनचा हा नियम.

बाकीच्यांनी हलकं सामान परदेशातून मागवलं होतं. प्रणालीने अलिबागची टायपिंगची नोकरी सांभाळून रात्ररात्र जागून ते स्वतः केलं. बॅग घरच्या मशिनवर शिवली. थंड पेयाच्या डब्याची चूल केली. दात घासायचा ब्रश अर्धा कापला, कपड्यांची लेबलंसुद्धा उसवली. विकत घेतली ती फक्त पिसांची एक पातळ दुलई. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं, आणि का वाटू नये?

तिची आई काशी मात्र आठवडाभर त्या बॅगेच्या मागे हात धुऊन लागली होती. तिने डिंकाचे लाडू घालायचे, प्रणालीने काढायचे. तिने घोंगडी घालायची, प्रणालीने काढायची. शेवटी काशीने बरणीतलं मीठ आणलं. तीन वर्षांपूर्वी बांध फुटला आणि त्यांचं मिठागर खाडीने गिळलं. त्या शेवटच्या हंगामाचं हे मीठ तिने जिवापाड जपलं होतं.

“आपलं मीठ रेडीपरत जाऊ दे गो,” ती म्हणाली. “मी काय कवा जानार न्हाय.”

प्रणालीने मुक्कामावर संध्याकाळी घालायच्या चपला बाहेर काढल्या आणि साठ ग्रॅमची पुडी बाजूच्या खिशात ठेवली. ती धरूनच काट्याने चार नऊशे नव्वद दाखवले होते.

“दुपारचं मोजू नको,” काशी म्हणाली. “आपल्या मिठागरावर व्यापारी भर दुपारीच मोजायला यायचा. का, ते इचार.”

“काटा खोटं बोलत नाही, आई,” प्रणाली म्हणाली. तिने काही विचारलं नाही. बॅग तशीच ओटीवर टांगलेली ठेवली.

सकाळी कौलांवरून दव टिपटिप गळत होतं. निघताना काशीने पदराची चुंबळ केली आणि बॅग सरळ डोक्यावर घेतली.

“आई, ती पाठीवरची बॅग आहे. लोक हसतील!”

“हसू दे. ईस वर्सं मिठाच्या टोपल्या याच डोक्यावरनं नेल्या.”

बांधावरून जाताना ती मध्येच थांबली. “तू हो फुडं. चुंबळ सुटली.” प्रणाली पुढे झाली. काशीने मागून गाठलं, तेव्हा बॅग पुन्हा डोक्यावर होती.

मुंबईची मंडळी आदल्या दिवशीच येऊन बंदराजवळ तंबूत राहिली होती. हेतलने साहिलची बॅग काट्याला लावली. पाच किलो तीस.

“शक्यच नाही! ऑफिसात मोजली तेव्हा चार नऊशे सत्तर होती,” साहिल चिडला.

“पुढच्या वर्षी ये,” हेतल म्हणाली.

मग तेजस्वी. पाच किलो दहा. तिने घरी दोनदा मोजली होती. ती रडायलाच लागली.

आता प्रणालीच्या डोक्यात प्रकाश पडला. दव! तंबू, कपडे, दुलई, सगळ्याने दव धरलं होतं. आणि तिच्या हातात होते अवघे दहा ग्रॅम. हेतलने बॅग हुकाला लावली, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

“चार किलो नऊशे पंच्याऐंशी. चल, हो पुढे.”

प्रणालीने डोळे उघडले. तिने बॅग ओढून घेतली आणि बाजूचा खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. तिने आईकडे पाहिलं. काशी धक्क्याच्या कठड्याला टेकून उभी होती, उजवी मूठ घट्ट मिटून.

“व्यापारी दुपारी का यायचा, आई?”

“उन्हानं मीठ सुकतं, हलकं व्हतं. सकाळी दवानं भरतं,” काशी म्हणाली. “डोक्यावर घेतली तवाच कळलं, कालच्यापरीस मूठभर जास्त हाय.”

प्रणालीचे डोळे भरून आले. असा काटा मुंबईच्या एकाकडे तरी होता का? “ही माझी आई!” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं हेतलला म्हणाली. मग तिने हात पुढे केला. “दे ती पुडी. आता मोजून झालं, टाकते आत.”

काशीने हात मागे घेतला. “मोजल्यावर वरनं भर घालायची न्हाय. आपल्या मिठागरावर तसं कवा केलं न्हाय.”

तिने पुडी सोडली, चिमूटभर मीठ लेकीच्या जिभेवर ठेवलं आणि पुडी बांधून कमरेला खोवली.

“गीळ. पोटातलं कोन मोजत न्हाय.”