मंजुळाची वेणी

धावायच्या आधी केतकीने वेणी पाठीमागून बनियनमध्ये खोचली. तिचे केस तर मानेच्याही वर कापलेले होते, पण हात तसा गेलाच. प्रेक्षकांना वाटलं, ही तिची लकब.

लकब मंजुळा पाडवीची होती. गेल्या वर्षी मंजुळाच्या मेंदूतून लांब उडी काढून केतकीच्या मेंदूत बसवली, तेव्हा ही लकबही सोबत आली. अशा उडीची नक्कल करता येत नाही. एकीला मिळाली की दुसरीची जाते. "माझा गुडघा कामातून गेला, निदान उडी तरी वाया जायला नको," असं म्हणून मंजुळा स्वतःहून तयार झाली होती. गुडघा काही महिन्यांत बरा होईल, हे फिजिओने उडी काढण्याच्या आदल्याच दिवशी केतकीला सांगितलं होतं. "मंजुळाच्या कानावर घाल," म्हणाला होता. केतकी गप्प बसली.

फळीवर पाय पडला आणि राष्ट्रीय विक्रम मोडला.

मैदानाबाहेर मंजुळा पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. "बघ गं, गुडघा अगदी पहिल्यासारखा झाला!" म्हणत ती मिठी मारायला पुढे आली. मध्ये वीतभर रुंद गटार होतं. तिने पाय उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"पलीकडे कसं यायचं, सुचतच नाही बघ," ती ओशाळून हसली. "जरा हात देतेस?"

केतकीने हात दिला. पण त्याआधी तो आपोआप मानेमागे जाऊन आला होता, नसलेली वेणी खोचून.